बाह्यचित्रीकरणाचा पहिला दिवस

चित्रपटांविषयी आपण बोलतो पुष्कळ. पण ते बहुधा पडद्यावर दिसणाऱ्या चित्रपटाविषयी असते. कथा कशी होती, अभिनय कसा होता, शेवट पटला की नाही, एवढ्यावर आपली चर्चा येते आणि थांबते. चित्रपट प्रत्यक्ष घडतो कसा, विशेषतः स्टुडिओच्या चार भिंती सोडून उन्हावाऱ्यात, परक्याच्या अंगणात तो घडू लागतो तेव्हा काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. पूर्वी ही उणीव खपून जात असे, कारण कॅमेरा ही विद्यार्थ्याच्या आवाक्यातली वस्तूच नव्हती. आज ती जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. महाविद्यालयामहाविद्यालयांतून लघुपट निघतात, स्पर्धाही होतात. अशा वेळी चित्रीकरणाच्या केवळ एका दिवसाचा, म्हणजे पहिल्याच दिवसाचा, थोडा बारकाईने विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिलाच दिवस का? त्या दिवसापर्यंत चित्रपट कागदावर असतो, आणि कागदावर सर्व काही शक्य असते. कागदावर सूर्य लेखकाच्या सोयीने मावळतो, लहान मुले सांगितल्या जागी थांबतात, कुत्री भुंकत नाहीत. पहिल्या दिवशी या कागदाची गाठ जगाशी पडते. त्या गाठीत कागद किती टिकतो आणि जग किती आत येते, यावर पुढच्या सगळ्या कामाचे वळण ठरते.

याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या चित्रीकरणाचा पहिला दिवस, २७ ऑक्टोबर १९५२. राय त्या वेळी एकतीस वर्षांचे होते, कोलकात्याच्या एका जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून नोकरी करीत होते, आणि त्यांनी तोवर एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. छायाचित्रण करणारे सुब्रत मित्र बाविशीतले. स्थिर छायाचित्रे त्यांनी काढलेली होती, पण चलच्चित्राचा कॅमेरा चालविण्याचा अनुभव नव्हता. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त तेवढे या धंद्यातले जाणकार. अपू झालेल्या सुबीर बॅनर्जी या मुलाने कधी अभिनय केलेला नव्हता. पैसा कोणी निर्माता देईना, म्हणून राय यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले होते. हेतू असा, की थोडे तरी चित्रीकरण करून दाखवावे, म्हणजे कोणाचा विश्वास बसेल. म्हणजे या दिवसावर नुसता एक प्रसंग अवलंबून नव्हता; चित्रपट होणार की नाही, हेच अवलंबून होते.

आता ही मंडळी अगदी कोरी होती असे समजणे मात्र बरोबर नाही. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार ‘द रिव्हर’ या चित्रपटासाठी बंगालमध्ये आले, तेव्हा स्थळे शोधण्याच्या भटकंतीत राय त्यांच्याबरोबर होते. बन्सी चंद्रगुप्त त्या चित्रपटाच्या कलाविभागात काम करीत होते. सुब्रत मित्र तर चित्रीकरणाच्या जागी नुसते बघायला जात आणि प्रकाशयोजनेच्या आकृत्या वहीत उतरवून ठेवीत. शिकवणी लावून मिळत नाही ते असे बाजूला उभे राहून मिळते. आपल्यापैकी कित्येकांना दिग्दर्शक व्हायची घाई असते. दुसऱ्याच्या चित्रीकरणात आठ दिवस पाण्याच्या बाटल्या वाहायची तयारी फार थोड्यांची असते.

त्या दिवसासाठी राय यांनी निवडलेली जागा बर्दवान जिल्ह्यातील पालसिटजवळची. रेल्वेमार्गालगत ‘काश’ नावाचे उंच गवत शरदात पांढऱ्या तुऱ्यांनी भरून जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते उसाचेच भावंड. अपू आणि दुर्गा ही भावंडे या गवतातून जातात, त्यांची चुकामूक होते, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आगगाडी दिसते, असा तो प्रसंग. पटकथा म्हणून बांधीव बाड राय यांच्याजवळ नव्हते. टिपणे होती आणि प्रत्येक दृश्याची त्यांनी स्वतः काढलेली रेखाचित्रे होती.

पहिली अडचण आली ती अपूच्या चालण्याची. कागदावर एकच ओळ: अपू गवतात बहिणीला शोधत चालतो. पण मुलगा कॅमेऱ्यासमोर चालू लागला तो कवायतीतल्या शिपायासारखा, ताठ आणि सरळ. शोधणारा माणूस असा चालत नाही. तो थबकतो, बिचकतो, इकडे वळतो, तिकडे कान देतो. हे सात-आठ वर्षांच्या मुलाला समजावून कसे सांगणार? राय यांनी समजावण्याचा नादच सोडला. त्यांनी मुलाच्या वाटेत काटक्यांसारखे लहान लहान अडथळे ठेवले आणि ते ओलांडीत चालायला सांगितले. सहकाऱ्यांना गवतात दोन्ही बाजूंना लपविले आणि ठरलेल्या वेळी एकेकाने त्याला हाक मारायची असे ठरविले. हाक आली की मुलगा वळून बघे. पडद्यावर आपल्याला दिसतो तो बहिणीला शोधणारा व्याकूळ भाऊ. जागेवर होता तो काटक्या चुकविणारा आणि हाकांकडे वळणारा एक मुलगा. या एका दिवसाने आपल्याला डझनभर पुस्तकांपेक्षा जास्त शिकविले, अशा अर्थाचे राय यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

माझ्या मते यातले खरे शिक्षण युक्तीपेक्षा खोल आहे. नवशिका दिग्दर्शक नटाला भावना सांगतो: “तू आता दुःखी आहेस.” नट बिचारा चेहरा पाडतो. जाणता दिग्दर्शक कृती सांगतो: “ही दोरी सोड, गाठ घट्ट आहे.” गाठ सोडविता सोडविता चेहऱ्यावर जे येते ते बहुधा उसन्या दुःखापेक्षा खरे असते. रंगभूमीवरून चित्रपटाकडे वळणाऱ्या आपल्या मित्रांनी तर याचा अवश्य विचार करावा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हावभाव कॅमेऱ्याला हातभर अंतरावरून दिसतो आणि असह्य होतो.

दुसरा धडा आठवड्याभराने मिळाला. उरलेले चित्रीकरण करायला मंडळी परत पालसिटला गेली, तो काशाचे रान नाहीसे झालेले. मध्यंतरी गुरांनी ते चरून फस्त केले होते. दुसरे कोणी असते तर जागा बदलून मोकळे झाले असते. राय यांनी पुढच्या शरदापर्यंत वाट पाहिली आणि गवत पुन्हा फुलल्यावर तो प्रसंग पुरा केला. आगगाडीसाठी एक गाडी पुरली नाही, एकाहून अधिक गाड्यांची चित्रे घ्यावी लागली. पांढऱ्या काशावर काळा धूर हवा होता, म्हणून पथकातला एक माणूस आधीच इंजिनावर चढला आणि योग्य जागी आगीत कोळसा पडेल याची त्याने व्यवस्था केली. निसर्गाची वाट पाहायची आणि धुराची मात्र व्यवस्था करायची, हा तारतम्याचा भाग आहे. बाह्यचित्रीकरणात काय आपल्या हातात आहे आणि काय नाही याची यादी ज्याने केली नाही, त्याने घर सोडू नये.

चित्रपट पुरा होऊन प्रदर्शित व्हायला १९५५ साल उजाडले. एवढ्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि इंदिर ठाकरून झालेल्या ऐंशीच्या घरातील चुनीबाला देवी वारल्या नाहीत, हे आपले नशीब, असे राय म्हणत. विनोदाचा भाग सोडला तर चित्रपटातील सातत्याची सगळी गोम यात आहे. प्रेक्षकाला जे सलग एक मिनिट वाटते त्यातले पहिले वीस सेकंद एका वर्षीचे आणि पुढचे चाळीस दुसऱ्या वर्षीचे असू शकतात. म्हणून पहिल्या दिवसापासून कोणी तरी एकाने वही घेऊन बसले पाहिजे: पदर कोणत्या खांद्यावर होता, कंदिलाची काच फुटकी होती की धड, मुलाने भाकरी किती खाल्लेली होती. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पडद्यावर नाव सर्वांत शेवटी येते. पण ते ज्याने केले नाही त्याचे संकलकाच्या टेबलावर हसे होते.

राय यांच्याआधी चाळीस वर्षे, १९१२-१३ च्या सुमारास, आपल्या दादासाहेब फाळके यांनाही बाहेरच्या जगाने असाच हिसका दाखविला होता. फाळके यांनी आरंभी स्वतःचे शिक्षण केले ते घरातच: कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपून त्यांनी एक छोटी फिल्म बनविली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. फाळके यांच्या चित्रपटनिर्मितीचा आरंभ असा एका कुंडीत झाला, ही गोष्ट ज्यांना ‘विषयच सापडत नाही’ त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या बाह्यचित्रीकरणासाठी पथक कर्जतच्या वाटेवरील वांगणीला आधी पोचले. तलवारी-भाले घेतलेली ही टोळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरच आले असे वाटले आणि पोलीस पाटलाने सगळ्यांना अडकवून ठेवले. फाळके स्वतः आले, त्यांनी फिल्म वगैरे दाखवून खुलासा केला, तेव्हा सुटका झाली, असे सांगितले जाते. हा किस्सा आपण हसण्यावारी नेतो. पण पाटलाच्या जागी उभे राहून पाहा: अनोळखी माणसे, हातात न समजणारी वस्तू, आणि विचारणा कोणीच केलेली नाही. त्याचे काय चुकले? आजही विद्यार्थ्यांची टोळी ट्रायपॉड घेऊन गावात शिरते, तेव्हा गावाच्या दृष्टीने परिस्थिती फार बदललेली नसते. तलवारी नसतात एवढेच.

या ठिकाणी थोडा हिशेब मांडतो. फिल्मच्या काळात सेकंदाला २४ चित्रे घ्यावी लागत. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ चित्रे, म्हणजे मिनिटाला ९० फूट. १६ मिलिमीटरमध्ये फुटाला ४० चित्रे, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. चारशे फुटी रीळ अकरा मिनिटांत संपे. आठ मिनिटांच्या लघुपटाला २८८ फूट पुरतात, पण प्रत्येक शॉट सरासरी चारदा घेतला तर ११५२ फूट, म्हणजे तीन रिळे. प्रत्येक रिळाला पैसे, ती धुवायला पैसे, छापायला पैसे. यामुळे ‘स्टार्ट’ म्हणण्यापूर्वी दिग्दर्शक दहादा विचार करी आणि तालमीत घाम गाळी. आज मोबाइलमध्ये हा खर्च उरलेला नाही, म्हणून एक शॉट वीस-वीसदा घेतला जातो. पण फुकट झाली ती फिल्म. नटाचा उत्साह, उतरते ऊन आणि ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्याचा दिवस या वस्तू फुकट झालेल्या नाहीत. किंबहुना आता खरा हिशेब त्यांचाच आहे.

तंत्राच्या बाबतीत पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे. एक, ऊन. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि माणूस आजारी दिसतो. या वेळात सावलीतली दृश्ये घ्यावीत. पांढरी चादर समोर धरून उजेड परतवावा. सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ (१९५६) साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले, तेव्हा वर कापड ताणून त्यावरून प्रकाश परतविला आणि आभाळाचा मऊ उजेड खाली आणला. आपली चादर ही त्याच घराण्यातली. दोन, दिशा. दोन माणसे बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेषा कल्पावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा. रेषा ओलांडली की पडद्यावर दोघेही एकाच दिशेला बघू लागतात आणि संवाद भिंतीशी चालल्यासारखा वाटतो. तीन, आवाज. चित्र डोळ्यांनी तपासता येते, पण उसाच्या ट्रॅक्टरची घरघर कानाला इतकी सवयीची असते की ती ऐकूच येत नाही, मायक्रोफोनला येते. निघण्यापूर्वी सर्वांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर मुद्रित करून घ्यावा. संकलनात तो सांधे बुजवायला सिमेंटसारखा उपयोगी पडतो.

हे सर्व पुस्तकी वाटू नये म्हणून आमच्याच महाविद्यालयातील एका लघुपटाचा पहिला दिवस सांगतो. मी त्यात सातत्याची वही सांभाळीत होतो. विषय ऊसतोड मजुरांच्या मुलीचा. ती बारा वर्षांची, शाळा सोडून आईबापांबरोबर आलेली. पाणी आणते, धाकट्या भावाला सांभाळते, आणि दप्तर कोपीच्या आढ्याला टांगलेले असते. दिग्दर्शन करणाऱ्या मित्राचे आईवडील स्वतः पंधरा वर्षे कोयत्यावर गेलेले. मराठी चित्रपटाला कर्जात बुडालेला शेतकरी नवा नाही. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा. पण आपल्या ताटाशेजारून गेलेले जगणे कॅमेऱ्यासमोर आणणे वेगळे. मित्राला एकच धास्ती होती: आपल्या माणसांची कीव येईल असे काही आपल्या हातून निघता कामा नये.

कारखान्यापासून जवळच कोप्यांचा तळ होता. जानेवारीचा महिना. आदल्या रविवारी मित्र एकटाच जाऊन मुकादमाशी आणि मुलीच्या आईवडिलांशी बोलून आला होता. कॅमेरा नेला नव्हता. मुलगी त्या टोळीतलीच. तिच्या वडिलांनी अट घातली ती अशी: “आम्ही पहाटं चारला फडात जातो. दहाला पोरगी भाकर आन् पाणी घेऊन येती. त्याच्या आधी दोन घंटे काय करायचं ते करा. पर भाकरीला उशीर नको.” त्यामुळे आमचे वेळापत्रक सूर्याने ठरविले नाही, भाकरीने ठरविले. माझ्या दृष्टीने त्या दिवसाची पहिली चांगली गोष्ट ती हीच.

पहिले दृश्य: मुलगी हौदावरून डोक्यावर कळशी घेऊन कोपीपर्यंत येते. एका मित्राने सोयीसाठी सुचविले, कळशी रिकामीच असू दे, पोरीला कशाला त्रास. रिकामी घेऊन ती एकदा चालली. चालली चांगली, पण खोटी. मान सैल, हात उगाच वर. भरल्या कळशीखाली मान खांबासारखी स्थिर असते आणि सारे चालणे कमरेखाली उतरते, हे तिथल्या कुठल्याही बाईने सांगितले असते. मग कळशी निम्मी भरायची ठरली, आणि दरवेळी हौदापर्यंत ती परत न्यायची आमच्यापैकी कोणी. चार वेळा शॉट झाला, चार वेळा कळशी आम्ही वाहिली. चौथ्या वेळी वाटेत धाकटा भाऊ आडवा आला. तिने कळशी तशीच तोलत त्याला पायाने हळूच बाजूला सारले आणि पुढे गेली. हे कागदावर नव्हते. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटले नाही. तोच शॉट चित्रपटात आहे.

एका गोष्टीवर आमच्यात वाद झाला, तो येथे नोंदवितो. ऊस भरण्याचे दृश्य हवे होते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी माणसे दिसायला फार परिणामकारक असतात. पहिल्या वेळी कॅमेरा किंचित हलला. एकजण म्हणाला, पुन्हा चढायला सांगू या. मित्राने स्पष्ट नकार दिला. कळशी आपण वाहू शकतो, मोळी नाही. आणि जे श्रम आपण परत करून देऊ शकत नाही ते परत मागायचे नाहीत, असे त्याचे म्हणणे. हललेलाच शॉट ठेवला. माझे मत त्याच्या बाजूचे आहे. मजुरीचाही प्रश्न होता. काहींना वाटत होते की पैसे दिले तर खरेपणा जातो. हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. मुलीच्या आईच्या हाती ठरलेली रक्कम सुरुवातीलाच दिली, चित्रीकरण आवडले म्हणून बक्षीस नव्हे, कामाचे पैसे म्हणून.

आतले दृश्य घ्यायचे होते त्या कोपीची मालकीण शेजारची एक वयस्क बाई. मित्राने तिला विचारले, “मावशी, तुमच्या कोपीत दहा मिनिटं बसू का?” ती म्हणाली, “माझी कोपी घ्या बाबांनो, पर मला त्यात घेऊ नका.” का ते तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. झाले असे, की सकाळचे तिरपे ऊन दाराच्या पाचटातून गाळून येत होते ते नेमके चुलीवर, आणि चुलीशी ती. मुलीच्या चेहऱ्यावर उजेड घ्यायचा तर मागे मावशी दिसणारच. मावशीला उठवावे तर तिची भाकरी तव्यावर. कॅमेऱ्याने जागा बदलली, उजेड पाठीमागे गेला, मुलीचा चेहरा अर्धा अंधारात राहिला. चादर धरली, पण कोपीत ती पुरती उघडेना. आता पडद्यावर त्या दृश्यात मुलगी दप्तराकडे बघते तेव्हा तिचा एक गाल आणि एक डोळाच दिसतो. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांनी ही प्रकाशयोजना मुद्दाम केली असे समजून तिचे कौतुक केले. मित्राने कोणालाच खुलासा केलेला नाही.

साडेनऊला मुलीने कळशी उतरवून ठेवली, भाकरीचे गाठोडे बांधले आणि ती फडाकडे निघाली. यादीतले अकरा शॉट ठरले होते, सात झाले होते. उरलेल्या चारांपैकी दोन दप्तराचे, एक भावाचा, एक रिकाम्या तळाचा. कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या गावोगाव परततात आणि तळावर चुलीच्या दगडांखेरीज काही राहत नाही. म्हणून पहिले तीन त्याआधी उरकायचे आणि चौथा त्यानंतरच घ्यायचा, असे मित्राने तेथेच ठरविले. मी वहीत लिहून घेतले: कळशी पितळेची, तळाला डावीकडे पोचा, भावाच्या सदऱ्याचे वरचे बटण नाही, दप्तर निळे, पट्टा एकच, आढ्याला काथ्याने बांधलेले, गाठ उजवीकडे.